राळेचा धूर

रविवारी सकाळी आमच्या खोलीत दोन वास एकमेकांशी भांडत असत. एक आईच्या तव्यावरच्या बांगड्यांचा, दुसरा माझ्या सोल्डरिंगचा. बांगड्यांच्या वासाबद्दल चाळीत कुणी कधी अवाक्षर काढलं नाही, कारण दहा वाजेपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्याच खोल्यांतून तोच वास यायचा. कुणाकडे कढीसाठी नारळ खवला जात असायचा, कुणाकडे भाकऱ्या थापल्या जात असायच्या, गॅलरीच्या टोकाला कुणीतरी पोराला न्हाऊ घालताना ओरडत असायचं. माझा वास मात्र एकटा होता. देवळात जाळतात तशी राळ, पण तिला तापलेल्या धातूची एक तिखट झाक. मला तो फार आवडायचा. अजूनही आवडतो, आणि तो आवडून घ्यायचा नसतो हे आता मला चांगलं ठाऊक आहे.

लालबागच्या त्या चाळीत आमची खोली दहा बाय बाराची. पुढे गॅलरी, मागे मोरी आणि मोरीशेजारी मागच्या गल्लीवर उघडणारी एक खिडकी. त्या खिडकीखाली आईची लोखंडी ट्रंक होती. ट्रंकेवर फळी टाकली की झालं माझं वर्कबेंच. फळीवर एका बाजूला तापलेली सोल्डरिंगची सळई ठेवायला वाकवलेली तार, दुसरीकडे सोल्डरच्या, म्हणजे सांधे जोडायच्या शिसं आणि कथील मिसळलेल्या तारेची गुंडाळी, आणि चुन्याच्या जुन्या डबीत, सोल्डर नीट पसरावं म्हणून लागणारा, मधासारख्या रंगाचा राळेचा खडा. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. शेजारच्या बायका आईला विचारायच्या, "काय गो, चेडू काय जाळता सारखा?" आई म्हणायची, "रेडियो करता." आणि मग जरा थांबून, "करूंदे. भायेर तर जाणा नाय." आमच्यासारख्या, कोकणातून मिलसाठी आलेल्या घरांत मोठी माणसं मालवणीच बोलत. मी मुंबईत जन्मलेली, मी त्यांना मुंबईच्या मराठीत उत्तरं द्यायची. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

हा नाद मला लावला तळमजल्यावरच्या जाधवकाकांनी. ते रेल्वेच्या वर्कशॉपात होते आणि सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून लोकांचे रेडिओ दुरुस्त करत. त्यांच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याखाली पुस्तकांचं कपाट, आणि कपाटाखालच्या दोन खणांत नुसते उघडे पडलेले रेडिओ. आमचा रेडिओ मुका झाला तेव्हा मी तो घेऊन खाली गेले आणि दाराशी उभी राहून बघत राहिले. काका मान वर न करता म्हणाले, "बघतेस काय नुसती? ही वायर धर." मी धरली. पुढच्या आठवड्यात त्यांनी सळईच माझ्या हातात दिली. पहिला टाका असा लागला की चिमणीची शीट पडावी. काकांनी तो काढला आणि म्हणाले, "परत." असं अकरा वेळा. बाराव्या वेळी सोल्डर पाण्यासारखं पसरलं आणि चकचकीत झालं, आणि काका काहीच बोलले नाहीत. तेव्हा मला कळलं की जमलं.

टाका लावताना धुराचं काय करायचं हेही त्यांनीच शिकवलं. तापलेलं टोक राळेला लागलं की पांढरा धूर सरळ वर उठतो, आणि आपण बारीक काम बघायला खाली वाकलेलो असतो, त्यामुळे तो नेमका आपल्या नाकात जातो. काका म्हणायचे, "टाका लावताना श्वास रोखायचा. मग सळई बाजूला, तोंड बाजूला, आणि हळूच फुंकायचं. हा धूर खायची वस्तू नाही." मी तसंच करायची. पण फुंकलेला धूर जातो कुठे, हा प्रश्न ना त्यांना पडला ना मला. दहा बाय बाराच्या खोलीत तो जाऊन जाऊन जाणार कुठे? माझ्या फळीपासून चार हातांवर बाबांची खाट होती.

बाबा मिलमध्ये कार्डिंग खात्यात होते. कार्डिंग म्हणजे जिथे कापूस पिंजून, विंचरून त्याचा पेळू होतो ते खातं. तिथे हवेत कापूस तरंगत असतो. पहिली पाळी सुटून बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया, पापण्या, कानांवरचे केस पांढरे असायचे. लहानपणी मला वाटायचं, बाबा दुपारी म्हातारे होतात आणि आंघोळ केली की परत तरुण. बोलायचे कमी. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, ते खाटेवर पेपर घेऊन बसायचे, पण बघायचे माझ्या हातांकडे. एखादा टाका चांगला लागला की पेपरामागून बारीक आवाज यायचा, "हं." जाधवकाकांच्या गप्प राहण्याइतकीच ती मोठी शाबासकी होती.

त्यांना दम लागायचा. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही. घरातल्या अशा गोष्टी कधी सुरू होतात ते कुणाच्या लक्षात येत नाही, त्या असतातच. सोमवारी पाळीवरून आले की छाती आवळल्यासारखी व्हायची, खोकला लागायचा, बोलताना वाक्य मध्येच तुटायचं. मंगळवारी जरा कमी. गुरुवार-शुक्रवारपर्यंत बरेच बरे. शनिवारी तर खाली मैदानात जाऊन पोरांचं क्रिकेट बघत उभे राहायचे. मग रविवार, आणि मग पुन्हा सोमवार.

आईने हा हिशोब जुळवला आणि तो जुळायलाच हवा होता असा जुळला. रविवारी मी धूर करते, सोमवारी बाबांना दम लागतो. तिने हे मला एकदा, दोनदा सौम्यपणे सांगितलं. मी खिडकी सताड उघडी ठेवायला लागले. वारा आत आला की सळईचं टोक थंड पडायचं आणि टाका दाणेदार, ठिसूळ लागायचा. म्हणून पंधरा मिनिटांनी खिडकी पुन्हा ओढून घ्यायची. मी तेव्हा दोन ट्रान्झिस्टरचा एक छोटा रेडिओ करत होते. सगळे भाग लॅमिंग्टन रोडवरच्या रेडिओच्या दुकानांतून एकेक करून आणलेले. तो पुरा करायचा, याशिवाय डोक्यात दुसरं काही नव्हतं.

तो एक सोमवार मला अजून दिसतो. संध्याकाळचे पाच वाजले असतील. बाबा खाटेवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर चढलेले, आणि प्रत्येक श्वासाबरोबर छातीतून शिट्टीसारखा आवाज. ओठ काळसर पडले होते. आईने मला हाक मारली ती माझ्या नावाने नाही, नुसतंच "अगो, अगो" करत. मी आणि जाधवकाकांनी मिळून त्यांना खुर्चीवर बसवलं आणि खुर्चीसकट खाली उतरवलं. नाक्यावरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासाने त्यांचे खांदे खाली आले. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणी विडी, सिगारेट?"

आई परक्या माणसाशी बोलताना फार जपून पुस्तकी मराठी बोलायची. म्हणाली, "नाही साहेब. पण ही मुलगी दर रविवारी घरात धूर करते. रेडिओचा."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "काय करतेस?"

"सोल्डरिंग."

"राळ लावून?"

"हो."

"वडील कुठे असतात तेव्हा?"

आईच म्हणाली, "शेजारीच. खाटेवर."

"बंद कर," डॉक्टर म्हणाले. "दम्याच्या माणसाला तो धूर विषासारखा. बंद म्हणजे बंद."

बाहेर पेशंटची रांग होती. तेवढंच ते बोलले. बाबा स्टुलावर बसून जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, ते मान वर करून एकदा तरी माझ्याकडे बघतील, 'असूंदे' म्हणतील. त्यांनी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सळई, सोल्डर, राळेची डबी एका पिशवीत घातली आणि जाधवकाकांच्या खोलीत नेऊन ठेवली. अर्धवट रेडिओ पोटमाळ्यावर गेला. काका म्हणाले, "इथे राहील. तुझीच आहे ती, कुणाला देणार नाही." मला रडू येत होतं ते रेडिओसाठी नव्हतं. आपल्या हौसेपायी बापाचा श्वास अडकला, हे ओझं अठराव्या वर्षी कुठे ठेवायचं असतं ते मला कळत नव्हतं. घरात कुणी मला टाकून बोललं नाही. पण बाबा खोकले की आईची नजर क्षणभर त्या रिकाम्या खिडकीकडे जायची, आणि मग मी पुस्तक उघडून बसायची.

महिना गेला, दुसरा गेला. सोमवार मात्र येतच राहिले. पूर्वीइतका मोठा झटका नाही आला, पण दम लागायचाच. आई म्हणायची, "आत बसलेलो धूर तो. एका दिवसात जाता काय?" मला ते खरं वाटायचं. वाईट गोष्ट आपल्यामुळे झाली असं एकदा ठरलं की माणूस तिच्या बाजूने पुरावे स्वतःच गोळा करतो.

मग दिवाळी आली. मिलला चार-पाच दिवस सुट्टी. त्या दिवसांत बाबा वेगळेच माणूस झाले. पोटमाळ्यावर चढून फराळाचे डबे काढले, बांबूच्या कामट्या तासून कंदील केला, तो टांगायला गॅलरीच्या कठड्यावर उभे राहिले आणि आईच्या शिव्या खाल्ल्या. करंज्यांसाठी खोबरं खवून दिलं. घरात चकल्या तळल्या जात होत्या, तेलाचा धूर छतापर्यंत, दारात फटाक्यांचा धूर, आणि बाबांना एकदाही खोकला नाही. मिल उघडली ती गुरुवारी. त्या गुरुवारी संध्याकाळी ते घरी आले आणि खाटेवर गुडघ्यांवर हात रोवून बसले. शिट्टी वाजत होती.

मी भाजी निवडत होते. हातातली जुडी तशीच राहिली. गुरुवार होता. बिघडलेल्या रेडिओपुढे बसलं की जाधवकाका एकच गोष्ट शंभरदा सांगायचे, "एका वेळी एकच भाग बदलायचा. दोष गेला तर तोच भाग, दोष राहिला तर दुसरा." माझा धूर काढून टाकला होता, दोष राहिला होता. मिल चार दिवस काढून टाकली, दोष गेला होता. मिल परत जोडली, दोष परत आला, तोही गुरुवारी. इतकं साधं होतं, आणि ते दिसायला मला अडीच महिने लागले होते.

मी लगेच बोलले नाही. रविवारी आई मासळी आणायला बाजारात गेली तेव्हा बाबा गॅलरीत उभे होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"बाबा, एक विचारू?"

"हं."

"तुमचा दम मिलमुळे आहे ना? सुट्टीनंतर पहिल्या दिवशी लागतो. माझ्या धुरामुळे नाही."

ते खाली मैदानाकडे बघत राहिले. मला वाटलं, 'काय तरी बोलतंस' म्हणून उडवून लावतील. पण ते म्हणाले, "खात्यात सगळ्यांकाच होता. आम्ही तेका सोमवारचो दम म्हणतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"होता."

"डॉक्टरांकडे गेलो तेव्हा?"

"तेव्हाय होता."

ते हळूहळू, श्वास घेत बोलत होते. "तुझ्या आयेक कळला असता, तर ती माका मिलात पाय ठेवूक देवची नसती. आणि माका दुसरा काम येता खंय? डॉक्टरान तुझ्या धुराचा नाव घेतल्यान, तेव्हा माका वाटला, बरा झाला." मग ते थांबले. "बरा झाला, असा वाटला माका. बापाक असा वाटूक नको होता."

मी आत निघून गेले. ते मागून म्हणाले, "आयेक सांगू नको." मी सांगितलं नाही. पण मी त्यांच्याशी बोललेही नाही. हे लिहिताना मला चांगलं दिसायचा मोह होतो आहे, की मी लगेच समजून घेतलं, आजारी बापाला माफ केलं. तसं काही झालं नाही. पुढचे दोन आठवडे मी त्यांच्याशी 'जेवायला या' आणि 'पाणी तापलं' यापलीकडे एक शब्द बोलले नाही. आईला वाटलं, परीक्षेचा ताण.

त्याच रविवारी दुपारी बाबा खाली जाधवकाकांकडे गेले आणि संध्याकाळपर्यंत वर आले नाहीत. पुढच्या रविवारीही तसंच. आई म्हणाली, "ह्येंका आता म्हातारपणात रेडियोचो नाद लागलो की काय?" तिसऱ्या रविवारी काकांनी मला बोलावणं पाठवलं. गेले तर बाबा जमिनीवर मांडी घालून बसलेले, समोर तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा, एक बाजू कापून काढलेली, कडा ठोकून बोथट केलेल्या. डब्यामागे एक जुना टेबलफॅन, जाळी काढलेला. काकांच्या टेबलावर माझी सळई तापत होती.

"बघ," काका म्हणाले. "तुझ्या बाबांची मशीन."

बाबांनी माझ्याकडे न बघता पंखा सुरू केला. तो डब्यातून माझ्या दिशेने वारा फेकत होता. काकांनी राळेवर टोक टेकवलं. धूर उठला आणि खोलीभर उधळला.

मी ठरवलं होतं की बोलायचं नाही. पण चुकीचं काम समोर दिसत असताना गप्प बसणं मला कधी जमलंच नाही. "असं नाही चालणार," मी म्हटलं. "वाऱ्याने टोक थंड होतं, टाका कच्चा राहतो. आणि धूर जात कुठेच नाही, नुसता पसरतो. पंखा उलटा करा."

बाबांनी मान वर केली. "ओढूक व्हयो," ते म्हणाले. "फुंकूक नाय."

"हो."

"बरोबर." ते पंख्याचे स्क्रू काढायला लागले. काढता काढता, जणू पंख्याशीच बोलावं तसं म्हणाले, "मिलात कापूस एका खात्यातसून दुसऱ्या खात्यात न्यावक मोठे मोठे पंखे आसत. पायपातसून ओढून नेतत. कापसासाठी पंखो आसा. माणसाच्या नाकासमोरची धूळ ओढूक नाय."

काकांनी त्यांना स्क्रूड्रायव्हर बदलून दिला. मी खाली बसले आणि डबा धरला.

त्यानंतरचे दोन रविवार आम्ही तिघं त्या डब्यात गुंतलेलो होतो. पंख्याची पाती डब्यात मावेनात, म्हणून बाबांनी पत्रा कापून गोल गळा केला. मागे पत्र्याचाच पाइप, सांध्यांना मीच टाके दिले. उदबत्ती लावून बघायचं: धूर डब्याकडे वळतो की वर जातो. डबा हातभर लांब ठेवला तर धूर त्याला जुमानत नसे. वीतभर अंतरावर आणला की धुराची रेघ वाकायची आणि आत शिरायची. "वीत," बाबा म्हणाले आणि स्वतःची वीत मोजून फळीवर पेन्सिलीने रेघ मारली. "हेच्या भायेर टाको लावचो नाय." आज माझ्या माहीमच्या घरात टेबलावर दुकानातून आणलेला, कोळशाचा फिल्टर असलेला पंखा आहे, छान गुळगुळीत प्लास्टिकचा. त्याच्यासोबत आलेल्या कागदावरही हेच लिहिलंय, धुरापासून वीतभर अंतरात ठेवा. आणखी एक सांगते, कारण ही चूक मी शिकलेल्या माणसांतही बघते. हल्ली बिनशिशाचं सोल्डर मिळतं, तर लोकांना वाटतं आता धुराची भीती नाही. शिसं हाताला लागतं, म्हणून जेवणाआधी हात खसखसून धुवायचे. पण डोळ्यांत पाणी आणतो आणि छाती आवळतो तो धूर राळेचा असतो. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते खोटं नव्हतं. बाबांसारख्या माणसाला तो धूर वाईटच होता. फक्त रोग त्याने दिलेला नव्हता.

डबा बसवायचा रविवार आम्ही नेमका निवडला. घोडपदेवला मावशीकडे बारसं होतं, आई सकाळीच गेली. काकांनी आणि बाबांनी डबा वर आणला, ट्रंकेवर बसवला, पाइप खिडकीच्या गजांतून बाहेर काढला आणि फटींत कापडाच्या चिंध्या कोंबल्या. काका खाली आपल्या रेडिओंकडे गेले. पोटमाळ्यावरून मी माझा अर्धवट रेडिओ काढला, धूळ फुंकली.

बाबा रोजच्या जागी खाटेवर बसले. मी म्हटलं, "तुम्ही गॅलरीत बसा."

"कित्याक? मग कळतला कसा?"

"बाबा, नको."

"लाव गो," ते म्हणाले.

मी पंखा सुरू केला. तो भिंतीला हादरे देत घरघरत होता. टोक राळेला लावलं. धूर उठला, बोटभर वर गेला, थबकल्यासारखा झाला आणि सबंधच्या सबंध डब्यात शिरला. मी श्वास रोखून धरला होता तो सवयीने. दुसरा टाका, तिसरा, चौथा. मी मागे वळून बघितलं. बाबा पेपर वाचत नव्हते. नाकाने मोठा श्वास घेऊन बघत होते, एखादं आंबट ताक चाखून बघावं तसं. मग म्हणाले, "हं."

मी कामात इतकी बुडाले की दार उघडल्याचं कळलं नाही. आई दारात उभी होती, हातात बारशाच्या घुगऱ्यांचा डबा. तिने आधी सळई बघितली, मग बाबांना, मग मला. डबा तिने खाली ठेवला नाही, आपटला.

"लाज नाय गो तुका?" ती ओरडली. गॅलरीतली दोन माणसं थांबली. "बापाक खुर्चीवर घालून नेलो ता इसारलंस? मी भायेर गेलंय तर परत सुरू केलंस? तुका बाप होयो की रेडियो होयो? सांग माका, आताच सांग!"

पंखा घरघरत होता. मी सळई तारेवर ठेवली. सगळं सांगून टाकावं असं तोंडाशी आलं होतं. पण मी शब्द दिला नव्हता तरी तो पाळायचं ठरवलं होतं, आणि मुख्य म्हणजे ते सांगायचं काम माझं नव्हतं. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी दुसरीकडे नजर वळवली असती, तर मला वाटतं, आमचं नातं तिथेच कायमचं काहीतरी वेगळं झालं असतं.

ते उठून उभे राहिले. "तिका बोलू नको," ते म्हणाले. "तिचो दोष नाय. माझो दम मिलचो. पयल्यापासून मिलचो. माका म्हायत होता, मी सांगूक नाय. तिच्यावर ढकलून मोकळो झालंय."

आईला पहिल्यांदा ते कळलंच नाही. तिने "काय?" असं विचारलं. त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. सोमवारचा दम, खात्यातली माणसं, दिवाळी, डॉक्टरांकडे गप्प का बसले ते. उभ्या उभ्या, भिंतीला हात टेकून. ती ऐकत होती. शेवटी ती ट्रंकेच्या कडेला बसली, माझ्या डब्याशेजारी. पदर डब्यात ओढला जायला लागला तशी मी पंखा बंद केला.

तिने पदर आवरला आणि विचारलं, "किती वर्सां?"

"सात-आठ."

"आणि माका सांगूक नाय."

बाबांनी मान हलवली. आई उठली, दार लोटून घेतलं, आणि म्हणाली, "उद्या सोमवार. उद्या तुमी मिलात जाऊचा नाय. डॉक्टराकडे जाऊचा." त्या दिवशी घुगऱ्या कुणी खाल्ल्या नाहीत.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं नाक्यावरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कागद काढला, बाबांची छाती तपासायला पुढे वाकले, तोच आई उभी राहिली. एका हाताने पदर सावरून, शाळेत कविता म्हणावी तशा सुरात ती म्हणाली, "साहेब, मागच्या वेळी मी आपल्याला चुकीचं सांगितलं होतं. यांना हा आजार मिलमधल्या कापसाने झाला आहे. माझ्या मुलीमुळे नाही. ते तुमच्या कागदावर लिहून घ्या."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानातून काढला. मग त्यांनी बाबांना पहिल्यांदाच विचारलं, कुठल्या खात्यात, किती वर्षं, कुठल्या दिवशी जास्त. सगळं लिहून घेतलं. मिलच्या साहेबांना द्यायला चिठ्ठी दिली, की या माणसाला धुळीच्या खात्यातून काढा. त्या चिठ्ठीने बाबांना पुष्कळ फेऱ्या मारायला लावल्या, पण पुढचा पावसाळा उलटता उलटता त्यांना कापडाच्या घड्या घालतात त्या खात्यात बदली मिळाली. श्वास अर्धा परत आला. अर्धा कधीच आला नाही. पण त्या अर्ध्यावर ते पुढे बरीच वर्षं जगले, गावी जाऊन आंब्याची कलमं लावली, आणि माझ्या हातचे तीन रेडिओ ऐकले.

ते सगळं नंतरचं. त्या सोमवारी दवाखान्यातून आम्ही सावकाश चालत घरी निघालो. बाबा मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. चाळीच्या मागच्या जिन्याशी बाबा दम घ्यायला थांबले, तेव्हा आईने गल्लीतून मान वर करून बघितलं. आमच्या खिडकीतून पत्र्याचा पाइप बाहेर आला होता आणि त्याचं तोंड नेमकं शेजारच्या खिडकीकडे होतं.

"ह्यो पाइप आखूड आसा," ती मला म्हणाली. "त्येंच्या घरात म्हातारी आसा. जरा लांब करून घे. पत्रो मी आणून देतंय."